पाठमोरा उंदीर

नोलीनच्या निरोपाचा चहा गुरुवारी साडेदहाला ठेवला होता, आणि मेरिन टकवेल आपण त्याला जाणारच नाही असं सकाळपासून म्हणत होती. प्रबंध द्यायला अकरा दिवस उरले होते. अकरा दिवस उरलेल्या माणसाला केक गोड लागत नाही. त्यातून मेरिनचा प्रबंध साडेतीन वर्षं खपून शेवटी ‘काही फरक पडत नाही’ एवढंच सांगणारा. तरी ती गेली. नोलीन डिरीननं या संस्थेच्या प्राणिगृहात एकतीस वर्षं उंदीर सांभाळले होते, त्यांत मेरिनचेही होते. तिच्या चहाला न जाणं शोभलं नसतं.

होबार्टमधला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, डोंगरावर बर्फ, आणि चहाच्या खोलीतला हीटर नेमका बंद. सगळे अंगातला कोट न काढता कप धरून उभे होते. नोलीन मधोमध उभी राहून, हातात लॅमिंग्टन केकचा तुकडा घेऊन, एकेकाची पिसं काढत होती. तिला आज कोण बोलणार? उद्या शुक्रवारी ती किल्ल्या देऊन घरी जाणार होती.

“आणि ही आमची मेरिन!” नोलीन म्हणाली. “एकतीस वर्षांत उंदीर धरणारे शेकड्यानं पाहिले, पण हिच्यासारखं ध्यान दुसरं नाही. सगळी दुनिया उंदराला पाठमोरा धरते. ही बया त्याला उताणा करते, तोंड आपल्याकडे. बाळाशी गप्पा मारायच्या असल्यासारखी!”

सगळे खो-खो हसले. मेरिनही हसली.

“मला तसंच शिकवलंय,” ती म्हणाली. “लॉन्सेस्टनच्या लॅबमध्ये असताना. पोटात सुई द्यायला बरं पडतं.”

“सुई देताना धर की तशी, मी कुठे नाही म्हणते? पण कानही तशीच वाचतेस तू. मी पाहिलंय. कान मागून वाचायचे असतात, शहाणे. चित्र काढून भिंतीला लावलंय मी.”

एवढं बोलून नोलीन पुढच्या माणसाकडे वळली. मेरिनचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं.

ते चित्र तिला पाठ होतं. तीन आठवड्यांच्या पिल्लांच्या कानाला खाच पाडतात, ती त्यांची ओळख. डाव्या कानाला खाच म्हणजे एक नंबर, उजव्या कानाला म्हणजे दोन, दोन्ही कानांना म्हणजे तीन, आणि बिनखाचेचा तो चौथा. खाचा पाडायची नोलीन. चित्रही तिनंच काढलेलं. एक गोल डोकं आणि त्याला दोन कान. ना डोळे, ना नाक, ना मिशा. नोलीननं डोक्याची मागची बाजू काढली होती आणि मेरिनला तो चेहरा वाटला होता. चित्रात खाच ज्या बाजूला, हातातल्या उंदराची त्याच बाजूची खाच, असं ती साडेतीन वर्षं जुळवत आली होती. पण तिच्या हातातला उंदीर तिच्याकडे तोंड करून असायचा.

म्हणजे तिचा एक नंबर हा नोलीनचा दोन नंबर होता. आणि तिचा दोन, नोलीनचा एक.

तिनं कप टेबलावर ठेवला. थोडा चहा सांडला. कुणाचं लक्ष नव्हतं. तिची मार्गदर्शक, प्राध्यापिका हेस्टर लॅम्ब्रोस, खिडकीपाशी कुणाशी तरी बोलत होती. मेरिन तिची नजर चुकवून, कुणाला काही न सांगता, जिन्यानं वर आपल्या टेबलाकडे गेली.

हेस्टरचा सगळा जीव त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींमध्ये. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलीशी ग्रंथी असते, तिच्या काठावर मूळपेशी बसलेल्या असतात. या पेशी शेजारणीला आणि खालच्या पडद्याला घट्ट धरून असतात, आणि धरायला त्यांच्याकडे खास प्रथिनं असतात, चिकटून राहण्याच्याच कामाची. एखादीनं पकड सोडली की ती आत सरकते, तेलानं भरते, फुटते, आणि आपलं तेल केसाला देऊन संपते. हेस्टरचं म्हणणं असं, की यांतलं एक प्रथिन, लॅबमध्ये सगळे त्याला नुसतं ‘हुक’ म्हणत, पेशीला धरून तर ठेवतंच, शिवाय तिला सांगतंही की बस, तुझी वेळ अजून आली नाही. हुक काढून घेतलं तर सगळ्याजणी एकदमच सुटतील, ग्रंथी चार दिवस तेलानं वाहील आणि मग सुकून जाईल, कारण काठावर मागे कुणी उरणारच नाही. पंधरा वर्षं ती हे म्हणत होती. हुक हवं तेव्हा काढून टाकता येईल असे उंदीर तयार करण्यात तिची चार वर्षं गेली होती. ते उंदीर जगात दुसरीकडे कुठेही नव्हते.

आणि मेरिननं मोजून दाखवलं होतं की तसं काही होत नाही.

बारा उंदीर होते, तीन वेतांतले चार-चार. सहा हुक काढलेले, सहा हुक शाबूत असलेले. हुक काढलेल्या सहांत तीन ग्रंथी सुकलेल्या, तीन टुमटुमीत. हुक शाबूत असलेल्या सहांतही तीन सुकलेल्या, तीन टुमटुमीत. रंग लावून खुद्द हुक आहे की नाही ते पाहायची खटपटही केली होती, पण तो रंग तेलाला चिकटे आणि सगळी ग्रंथीच लखलखे. तेव्हा कुणाचं हुक काढलेलं हे सांगायला उरले ते नंबर. नंबरांवरून निकाल निघाला, फरक नाही. हेस्टरनं तो दोनदा वाचला, ‘बरं’ म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात ते उंदीर मारून त्यांची खोली बंद करायच्या कागदावर सही केली. त्यांचे गर्भ गोठवून ठेवायचे का असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, ज्यात काही नाही ते गोठवून काय करायचं. हे सांगताना ती हसली होती. ते हसू मेरिनला कित्येक दिवस झोपू देत नव्हतं.

खोली बंद व्हायची ती उद्या. कागदावर तसं स्पष्ट होतं: चार नंबरची खोली, सात पिंजरे, एकोणीस उंदीर, शुक्रवार.

मेरिननं वही उघडली. तिन्ही वेतांत एक आणि दोन नंबर वेगवेगळ्या जातीचे होते, एकाचं हुक काढलेलं तर दुसऱ्याचं शाबूत. तिनं पेन्सिलीनं एक आणि दोन यांची अदलाबदल केली, प्रत्येक वेतात. पाच मिनिटांचं काम. हुक काढलेल्या सहाच्या सहा ग्रंथी सुकलेल्या. हुक शाबूत असलेल्या सहाच्या सहा टुमटुमीत.

ती त्या कागदाकडे पाहत राहिली आणि तिला आनंद झाला नाही, भीती वाटली. इतकं नीटनेटकं काही कधी असतं का? अकरा दिवस उरलेल्या, हरलेल्या पोरीला नेमकं जे हवं तेच पेन्सिलीच्या चार रेघांत मिळावं? निकाल वाकवणारी माणसं तिनं पाहिली होती. तीही आधी अशीच पेन्सिल घेऊन बसली असतील. आणि समजा ती आत्ता हेस्टरकडे गेली आणि म्हणाली, मी साडेतीन वर्षं उंदराचा डावा-उजवा कान ओळखू शकले नाही, आणि मग तपासल्यावर तेही खोटं निघालं तर? आगीतून फुफाट्यात. मग ना पहिला निकाल खरा, ना दुसरा, ना मेरिन.

तपासायचा मार्ग होता. नोलीननं खाच पाडताना प्रत्येक पिल्लाच्या शेपटीचं टोक जनुक-तपासणीला पाठवलेलं, ती यादी नोलीनच्या नंबरांची. ग्रंथी पाहण्यासाठी कातडी काढली ती मेरिननं, मेरिनच्या नंबरांनी. त्या कातडीचे उरलेले तुकडे फ्रीझरमध्ये होते. त्यांची पीसीआर केली की कातडी कुणाची ते कळणार. आत्ता सुरू केलं तर चारपर्यंत उत्तर. उंदीर उद्यापर्यंत आहेत. चार वाजता हातात पुरावा घेऊन जाऊ, सांगू, उंदीर वाचतील. हिशेब चोख होता. भित्र्या माणसाचे हिशेब नेहमीच चोख असतात.

फ्रीझरमध्ये हात घालून तिनं बारा नळ्या काढल्या. घाईत दोन नळ्या जमिनीवर पडल्या. तिनं गुडघ्यावर बसून त्या शोधल्या, झाकणावरचे नंबर वाचले, पुन्हा वाचले, आणि आता आपला आपल्या वाचण्यावरही विश्वास उरलेला नाही हे लक्षात येऊन तिला रडू आलं. मग तिनं नाक पुसलं, हातमोजे बदलले आणि कामाला लागली.

बाराला टेबलावरचा फोन वाजला. हेस्टर तिच्यापासून दोन हातांवर, शेजारच्या टेबलाशी कसलासा डबा शोधत होती.

“मेरिन, मी नोलीन. चार नंबरच्या खोलीतलं तुला काही हवंय का गं? कान, शेपट्या, कातडी? आत्ताच सांग. नंतर माझ्या नावानं बोंब मारू नकोस.”

मेरिननं हेस्टरकडे पाहिलं. हेस्टरनं मान वर करून हिच्याकडे पाहिलं, ‘काय?’ अशा नजरेनं.

“नको,” मेरिन म्हणाली. “काही नको.”

“नक्की? चहातनं उठून गेलीस ती न सांगता. माझं बोलणं लागलं की काय तुला? अगं, मी सगळ्यांचीच टर उडवत होते.”

“नाही गं. काम होतं. खरंच काही नको, नोलीन.”

“बरं बाई. मग मी घेते उरकून.”

तिनं फोन ठेवला. हेस्टरनं विचारलं, “सगळं ठीक?” मेरिन म्हणाली, “प्राणिगृहाचा होता. उद्याचंच.” हेस्टर डबा घेऊन निघून गेली. ती गेल्यावर मेरिनला वाटलं की मागोमाग जावं, दारातच गाठावं आणि सांगून टाकावं. ती दोन पावलं गेलीही. पण पीसीआरचं यंत्र अजून सुरू व्हायचं होतं, पुरावा नव्हता, आणि चार काही लांब नाहीत असं तिनं स्वतःला समजावलं.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर दोन तास अडतीस मिनिटं. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. बसून काही ते लवकर होत नाही हे तिला कळत होतं, पण उठवत नव्हतं. दोन तास एकोणतीस. दुपारी कुणीतरी तिच्यासाठी शिंपल्यांचं सारण भरलेली गरम पेस्ट्री आणून ठेवली, तिच्यातल्या कढीनं थिजून पिवळी साय धरली तरी तिनं हात लावला नाही. एकदा तिला वाटायचं, अदलाबदल झालेलीच नसेल, कदाचित मी नकळत बरोबरच वाचलं असेल, मग प्रबंध आहे तसा देऊ आणि कुणाला काही कळणार नाही. ते बरं वाटायचं. आणि बरं वाटलं की स्वतःची लाज वाटायची, कारण मग हेस्टरचं म्हणणं खोटंच राहणार होतं. मग वाटायचं, झालेलीच असू दे. मग ती पुन्हा पडद्याकडे बघायची. एक तास चार मिनिटं. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते हेच, आणि टांगणारी तीच होती.

साडेतीनला तिनं नमुने जेलमध्ये, जनुकांचे तुकडे वेगळे करणाऱ्या पारदर्शक वडीत, भरले. चार वाजून दहा मिनिटांनी दिव्याखाली पट्टे दिसले. पहिलं वेत: एक आणि दोन, उलटे. दुसरं वेत: उलटे. तिसरं: उलटे. तीन आणि चार नंबर तिन्ही वेतांत जागच्या जागी. शंकेला तसूभर जागा नव्हती.

हेस्टर पंधरा वर्षं बरोबर होती. पेशी धरून ठेवणारं ते हुकच तिला थांब म्हणत होतं, आणि ते काढलं की ग्रंथी खरोखरच सगळं तेल उधळून देऊन सुकत होती. हे आत्ता या क्षणी जगात एकट्या मेरिनला माहीत होतं. आता नवी वेतं लावायची, पाठमोरे धरून वाचायचे, पुन्हा मोजायचं. एकदा बारा उंदरांवर दिसलेलं, तेही उलटे नंबर सुलटे करून, कोण मानणार? पण खाली एकोणीस उंदीर होते. ते होते म्हणून सगळं होतं. तिनं जेलचा फोटो छापला आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं तळघरात धावली.

चार नंबरच्या खोलीचं दार उघडं होतं. ते कधीच उघडं नसे.

आत नोलीन रबरी बूट घालून जमिनीवर पाणी मारत होती. भिंतीला सात पिंजरे पालथे घालून ठेवले होते, धुतलेले.

“काय गं, भूत पाहिल्यासारखी काय उभी आहेस?” नोलीननं नळ बंद केला.

“उंदीर कुठे आहेत?”

“कुठे म्हणजे? झालं ते. जेवून आले आणि उरकलं.”

“पण शुक्रवार… कागदावर शुक्रवार आहे.”

“आहे की. पण शेवटच्या दिवशी मी कुणाला मारणार नाही, पोरी. उद्या मी नुसती दाणापाणी करणार, सगळ्यांना एकेकदा बघणार आणि घरी जाणार. एवढं तरी मला माझ्या मनासारखं करू दे.” मग तिनं मेरिनचा चेहरा नीट पाहिला. “काय झालंय?”

“फ्रीझरमध्ये आहेत?”

“दीडपासून. उणे वीस. दगड झाले असतील.”

गोठून दगड झालेल्या उंदरापासून पुन्हा काही निपजत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. मेरिननं हातातला कागद पुढे केला. नोलीनला पट्टे वाचता येत नव्हते, पण बाजूला मेरिननं लिहिलेले नंबर वाचता येत होते, एक-दोन, दोन-एक. ते तिनं वाचले. मग ती उलट्या बादलीवर हळूच बसली.

“कान,” ती म्हणाली.

“कान.”

“माझ्या चित्राला नाक काढायला हवं होतं.”

“नाही, नोलीन. मी विचारायला हवं होतं.”

“पण सकाळी बोलली का नाहीस? मी तुझ्यासमोर उभी होते. मग फोन केला. एक शब्द. ‘थांब’ म्हणाली असतीस तर मी काय, का म्हणून विचारलंही नसतं.” नोलीन रागानं बोलत नव्हती. तिचे डोळे भरले होते. “एकोणीस होते गं. सगळे धडधाकट. तीन माद्या गाभण होत्या.”

मेरिन तिच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसली, आणि नोलीननं ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग नोलीन म्हणाली, “जा आता. वर जा. माझ्याकडून कळायच्या आधी तुझ्याकडून कळू दे तिला.”

हेस्टर कोट घालून निघायच्या तयारीत होती. मेरिननं कागद टेबलावर ठेवला आणि कानांचं, चित्राचं, उताण्या उंदराचं सगळं सांगितलं. हेस्टर ऐकता ऐकता खाली बसली. तिनं वही ओढून घेतली, बोटानं एकेक नंबर फिरवला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मेरिननं या साडेतीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

“सहाच्या सहा,” हेस्टर म्हणाली. “मेरिन, सहाच्या सहा! अगं, वेडाबाई, रडतेस काय? कान चुकला तर चुकला, पकडलंस ना तूच? प्रबंध दोन महिने पुढे ढकलू. प्राणिगृहाला फोन लाव आधी, उद्याचं थांबवायचं म्हणावं.”

तिनं स्वतःच फोन उचलला.

“ते गेले, हेस्टर. नोलीननं आजच उरकलं. दुपारी, एक-दीडच्या सुमारास.”

फोन हेस्टरच्या हातातच राहिला. त्यातून नुसता एकसुरी आवाज येत होता. मग तिनं तो खाली ठेवला, आणि वहीवरचं बोट न उचलता विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

टेबलावर जेलचा फोटो होता. त्याच्या कोपऱ्यात यंत्रानं वेळ छापली होती, चार वाजून दहा मिनिटं. हेस्टर त्या वेळेकडे पाहत होती. मेरिननं नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं.

“साडेदहाला,” ती म्हणाली. “चहाच्या वेळी.”